सूर-सवाल : सुटे पेडल घेऊ की मल्टी?

प्रश्न (देवगड) : सर, आमच्या ग्रुपमध्ये मी लीड गिटार वाजवतो. गणपती, जत्रा, हळदी असे प्रोग्राम असतात. बजेट १५ हजार आहे. डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा), कोरस (एका सुराला अनेकांचा भास देणारा) आणि डिले (प्रतिध्वनी देणारा) असे पायाने दाबायचे तीन सुटे पेडल घ्यायचं मनात आहे, कारण सगळे म्हणतात सुट्या पेडलचा टोन मल्टीला, म्हणजे सगळे इफेक्ट एकातच असलेल्या मशीनला, येत नाही. पण आमचा कीबोर्डवाला म्हणतो मल्टीच घे. काय करू?

उत्तर : मित्रा, पेडल नंतर बघू, आधी तुझी वायर शेवटी कुठे जाते ते बघ. एवढ्या पत्रात तू अँपचा (गिटारच्या स्पीकर-पेटीचा) उल्लेखच केलेला नाहीस, म्हणजे तुझ्याकडे अँप नसणार, आणि आपल्याकडच्या जत्रेच्या स्टेजवर गिटारचा अँप ठेवतो कोण, साउंडवाला एक लांब वायर हातात देतो आणि ती सरळ मिक्सरला गेलेली असते. तुझा निर्णय इथेच होतो.

गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो. डिस्टॉर्शनचा पेडल हे कापणं गृहीत धरूनच बनवलेला असतो. बॉसचा डीएस-१ घे, १९७८ पासून चालत आलाय, जगभर वाजतो, उत्तम पेडल आहे. पण तोच थेट मिक्सरला लावलास की पीएचे, म्हणजे पब्लिककडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरचे, ट्वीटर (तीक्ष्ण आवाजाचे छोटे स्पीकर) ती वरची सगळी किरकिर जशीच्या तशी बाहेर फेकतात आणि मधमाश्यांचं पोळं उठवल्यासारखा आवाज होतो, मग साउंडवाला ट्रेबल कापतो, मग गिटार ऐकूच येत नाही, आणि तुला वाटतं आपलं बोट खराब आहे. बोट नाही रे, स्पीकर नाहीये मध्ये.

मल्टीमध्ये अँप आणि कॅबिनेटचं (स्पीकरच्या पेटीचं) सिम्युलेशन, म्हणजे नक्कल असते, म्हणजे ते स्पीकरचं काम मशीन आतच करून देतं. म्हणून तुझ्यासाठी माझं स्पष्ट मत, मल्टी घे. झूमचा जी-वन-एक्स फोर किंवा बॉसचा जीटी-वन असल्यापैकी काहीतरी बघ, बजेटच्या वर जात असेल तर सेकंडहँड शोध. दोघांनाही एक्स्प्रेशन पेडल (पायाने पुढे-मागे दाबून इफेक्ट कमी-जास्त करायचा) आहे, आणि दोघं चार पेन्सिल सेलवर चालतात. मंडपात कुठला प्लग पॉइंट मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे ही गोष्ट छोटी समजू नकोस.

घेतल्यावर आउटपुटची सेटिंग बघ, बॉसमध्ये तू अँपला जोडतोयस की लाइनला, म्हणजे सरळ मिक्सरला, ते सांगावं लागतं. झूममध्ये पॅचला (जुळवून साठवलेल्या आवाजाला) कॅबिनेट चालू आहे ना ते बघ. हे चुकलं तर मल्टी घेऊनही तीच किरकिर.

आणि पॅच हेडफोनवर बनवून तसाच स्टेजवर नेऊ नकोस. घरी एकट्याने वाजवताना बेस भरपूर, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) कमी, रिव्हर्ब (घुमारा) खूप, गेन (फाटकेपणा) त्याहून जास्त, हे कानाला मस्त लागतं, पण स्टेजवर खाली बेस आणि ढोलकी, वर कीबोर्ड, आणि गिटारची जागा नेमकी त्या मिडमध्ये, जी तू स्वतःच कापून आलेला असतोस. गेन हवा वाटतो त्याच्या थोडा खालीच ठेव. क्लीन, रिदम, लीड, एवढे तीन पॅच नीट कर, लीडचा व्हॉल्यूम रिदमपेक्षा थोडा वर, आणि तिघांची लेव्हल साउंडचेकला एकामागोमाग दाबून जुळव. बाकीचे शंभर फॅक्टरी पॅच विसर.

सुट्या पेडलची बाजू खोटी नाही हं. गाणं चालू असताना खाली वाकून एक नॉब फिरवला की काम झालं, मेनूत शिरायला नको. एक पेडल बंद पडला तर तो काढून उरलेल्यावर रात्र निघते, मल्टी बसला तर सगळंच बसतं. आणि चांगला ओव्हरड्राइव्ह (डिस्टॉर्शनपेक्षा सौम्य पेडल) पिकच्या, म्हणजे तार छेडायच्या पट्टीच्या, जोराला जसा उत्तर देतो ते स्वस्त मल्टीत कमी मिळतं. म्हणून पुढे पैसे जमले की ट्यूब स्क्रीमर (आयबनेझचा गाजलेला पेडल) जातीचा एकच ओव्हरड्राइव्ह घे आणि मल्टीच्या आधी लाव, गेन अगदी कमी, लेव्हल जास्त. कोरस-डिले मल्टीतलेच वापर, तिथे पब्लिकला काय, तुलाही फरक कळणार नाही.

कीबोर्डवाल्याचं ऐकायचं, पण त्याचा अडॅप्टर नाही लावायचा. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो आणि त्याची मधली पिन प्लस, आपले पेडल बहुतेक ९ व्होल्टचे आणि मधली पिन मायनस. घाईत एकदा लावला की संपलं.

प्रश्न (चिपळूण) : मुलगा अकरावीत आहे, वर्षभर गिटार शिकतोय. आता पेडलबोर्ड मागतोय. इतका खर्च आत्ता करावा का?

उत्तर : ताई, बोर्ड आत्ता नको. सुटे पेडल म्हटलं की पेडलची किंमत दिसते, पण मधल्या छोट्या पॅच केबल, आयसोलेटेड (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) पॉवर सप्लाय, ठेवायला बोर्ड हे मागून येतं आणि तिथे बजेट फुटतं. त्याला हेडफोन लागणारा छोटा मल्टी घेऊन द्या. ट्यूनर असतो, बहुतेकांत ड्रमचा ताल असतो, तालावर वाजवायची सवय लागते, आणि रात्री घरातल्यांची झोपमोड नाही. वर्षभरात त्याला स्वतःलाच कळेल आपण कोणता इफेक्ट खरंच वापरतो, मग तेवढाच एक चांगला पेडल घ्या. आणि इलेक्ट्रिक गिटार आहे ना हे आधी बघा, पिकअप नसलेल्या साध्या अकुस्टिकला यातलं काहीच जोडता येत नाही!

प्रश्न (मालवण) : माझ्याकडे चार सुटे पेडल आहेत. पावसाळ्यानंतर नॉब खरखरतात आणि मागे सतत हूं असा आवाज येतो. पेडल गेले का?

उत्तर : गेले नाहीत. खरखर आहे ती खाऱ्या दमट हवेने, पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या भागाच्या) आत आणि जॅकवर थर बसतो. पेडल उघडून पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवा. जॅकमध्ये प्लग काही वेळा आतबाहेर करा. गंज काढायचं नेहमीचं तेलकट स्प्रे मात्र मारू नका, तेल राहतं आणि धूळ धरतं. पावसात पेडल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि ९ व्होल्टची बॅटरी आत राहू देऊ नका, ती पाझरली तर सर्किट खाते.

हूंचं कारण वेगळं आहे. चारही पेडल एकाच अडॅप्टरच्या साखळी वायरवर असतील, त्यात डिजिटल डिले असेल तर तो सगळ्यांच्या पॉवरमध्ये आवाज सोडतो. एकेक पेडल साखळीतून काढून बॅटरीवर लावून बघा, ज्याला काढल्यावर आवाज थांबेल त्याला वेगळा अडॅप्टर द्या. एकही पेडल न लावता गिटार थेट अँपला जोडूनही हूं येत असेल तर पेडलना दोष नाही, प्लग पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्या, आणि ते वायरमनकडूनच.