मालकाचं देणं कशात मोजायचं?

प्रश्न : इंग्लंडमधल्या विगन वॉरियर्स या रग्बी क्लबचे मालक इयन लेनेगन क्लब माइक डॅन्सन यांच्याकडे सोपवून बाजूला झाले. चाहत्यांनी त्यांना कशासाठी आठवावं? चषकांसाठीच?

उत्तर : चषक आहेतच. २००७च्या अखेरीस लेनेगन यांनी क्लब घेतला. १९९८नंतर हुलकावणी देणारं सुपर लीग या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेचं विजेतेपद २०१०मध्ये सेंट हेलन्सला २२-१० हरवून आलं. पुढे २०१३, २०१६, २०१८. पण तेरा जणांच्या या रग्बीत पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. महागडे खेळाडू बाहेरून आणले की ती लगेच भरते, मग दुखापतींच्या दिवसांत राखीव फळी तोकडी पडते. विगनने आपल्या अकादमीत, म्हणजे क्लबच्या प्रशिक्षण केंद्रात, घडलेली मुलं वर आणली : सॅम टॉमकिन्स, लिअम फॅरेल, जॉर्ज विल्यम्स. २०१२ ते २०१८ प्रशिक्षकही गावचेच होते, शॉन वेन. आमच्या लेखी हे चषकांहून मोठं.