पदकांच्या कडेवर कोरलेले नाव

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी तू लिहिलेला स्मृतिलेख मी दोनदा वाचला. त्यातली माया खरी आहे आणि म्हणूनच ‘आजोबांनी अनेक शौर्यपदके मिळवली’ या वाक्यापाशी मी अडलो. तू पाठवलेल्या छायाचित्रात ‘पूर्वी स्टार’, ‘संग्राम मेडल’ आणि स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे पदक दिसते. यांपैकी एकही पदक शौर्यासाठी दिलेले नाही. पूर्वी स्टार असणारा जवान १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेश युद्धात, पूर्व आघाडीवर होता आणि रौप्यमहोत्सवाचे पदक असणारा १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत होता, एवढेच त्यांवरून कळते. ते वाक्य तू काढून टाक. आजोबा स्वतःबद्दल कधी चढवून बोलले नाहीत. त्यांच्या पश्चात आपणही तसे बोलू नये.

त्याऐवजी त्या डिसेंबरात हजर असणे म्हणजे काय, ते लिही. त्यांच्या डिस्चार्ज बुकात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनची, म्हणजे जंगी पलटणीची नोंद आहे. ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला, ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री जमालपुरात कोंडलेल्या पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीने तो रस्ता फोडून निसटण्याचा प्रयत्न केला आणि अंधारातली ती लढाई ११ तारखेच्या पहाटेपर्यंत चालली. त्याच दिवशी पुढे टांगाइलला जे छत्रीधारी उतरले, तीही मूळची मराठ्यांचीच पलटण. आजोबांनी त्या रात्री नेमके काय केले हे घरात कोणालाच माहीत नसेल, तर तेवढी जागा मोकळी सोड. कल्पनेने भरू नकोस. पदकाच्या कडेवर मात्र क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. भिंग घेऊन ते वाच आणि जसेच्या तसे उतरवून घे.

आता आजींविषयी. तुझ्या लेखात त्या एका वाक्यात येऊन जातात, याचे मला वाईट वाटले. त्यांच्या ट्रंकेत ‘९९ एपीओ’ (लष्करी टपाल कार्यालय) असा पत्ता असलेली अंतर्देशीय पत्रे आहेत, असे तूच मला सांगितले होतेस. नवरा कुठे आहे हे त्या पत्त्यावरून कळत नसे. पूर्वेकडे कुठेतरी, एवढेच. तुझ्या वडिलांचा जन्म त्याच दिवाळीनंतरचा, म्हणजे पत्राची वाट पाहणे, तान्हे मूल, शेत आणि सासू-सासरे हे सारे एकाच बाईच्या अंगावर होते. मनिऑर्डर आली की त्या आधी काय करत, मुलाला बापाने पहिल्यांदा कधी पाहिले, सुट्टी संपताना ट्रंक कोण भरत असे, हे त्यांना विचार. एका बैठकीत सगळे विचारू नकोस; त्या निवडणे-टिपणे करीत असतील तेव्हा शेजारी बसून विचार. कुटुंबवत्सल हा शब्द तू तीनदा वापरला आहेस, पण तो खरा ठरतो तो अशाच तपशिलांवर.

समाजकार्याचा परिच्छेद मला सर्वांत तोकडा वाटला, आणि माझ्या मते त्यांचे आयुष्य खरे तर तिथेच उमगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ते किल्लारीला मदतीला गेले होते, हे तू लिहिले आहेस, आणि ते योग्यच आहे. पण दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी गावातल्या सैनिकांच्या विधवांना ते एकेक करून बँकेत घेऊन जात, कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कागदातली नावाची एक वेलांटी चुकली म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पुन्हा पुन्हा खेपा घालत आणि एसटीचे भाडे कोणाकडून घेत नसत, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याला त्यांनी कधी समाजसेवा म्हटले नाही; पलटणीतल्या माणसाचे घर ते आपलेच घर, अशी त्यांची साधी समजूत होती.

त्या बायकांपैकी दोघी अजून हयात आहेत. मसुदा पुन्हा लिहिण्याआधी त्यांच्याकडे जाऊन ये, आणि जमल्यास आजींना सोबत ने. आजोबा गेल्यापासून त्या दोघींच्या दाखल्याचे काम कोण पाहते, हेही विचारून ये.

तुझे,
सर