स्क्रिप्ट-भेट ठरवताना
यूजर स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेलं पान आपल्या सोयीने बदलणारा छोटा कोड, नवख्यांना शिकवायच्या भेटीची जागा, वेळ ठरेलच. आधी सगळ्यांना टॅम्परमंकी किंवा व्हायोलेंटमंकी, म्हणजे अशा स्क्रिप्ट चालवणारं ब्राउझर एक्स्टेन्शन, टाकूनच यायला सांग. क्रोममध्ये नुसतं एक्स्टेन्शन टाकून भागत नाही, यूजर स्क्रिप्टची परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिली स्क्रिप्ट अगदी छोटी ठेव: विकिपीडियाच्या लेखातली संदर्भयादी लपवायची, बस. स्क्रिप्ट कुठल्या साइटवर चालायची ते सांगणाऱ्या मॅचच्या ओळीत (@match) फक्त तीच साइट लिहायला लाव. सगळीकडे लागू होणारी स्क्रिप्ट बँकेच्या पानावरही चालते, ती नवख्याच्या हाती नकोच. पुढे कुणीतरी विचारेलच, 'बटण समोर दिसतंय, मग स्क्रिप्टला का सापडत नाही?' बऱ्याचदा बटण पान उघडल्यानंतर उशिरा येतं म्हणून. पानात होणाऱ्या बदलांवर नजर ठेवणारा म्यूटेशन ऑब्झर्व्हर तेव्हा शिकव, त्याआधी नको. अडल्यावरच तो डोक्यात शिरतो. आणि दुसऱ्याची स्क्रिप्ट न वाचता कुणालाही टाकू देऊ नकोस. इथे मात्र कडक राहा.