खडकावरच्या टोपीचं घर

प्रश्न : ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर टोपीसारखे शंख दिसतात. बराच वेळ बघत बसले, पण एकही हलला नाही. ओढूनही निघेना. हे जन्मभर एकाच जागी असतात का? मग खातात काय?

उत्तर : हे लिम्पेट. गोगलगाईचे समुद्रातले भाऊबंद. तुम्ही पाहिलंत ती त्यांची विश्रांतीची वेळ. भरतीचं पाणी चढलं, किंवा रात्रीच्या ओहोटीत खडक ओला असला, की ते चरायला निघतात. खडकावरचं शेवाळ खरवडून खातात आणि पुन्हा आपल्या ठरलेल्या जागी परततात! जाताना मागे सोडलेल्या बुळबुळीत स्रावाचा माग त्यांना परतताना उपयोगी पडतो. लिम्पेट चरायला जागा सोडतात, हे अ‍ॅरिस्टॉटलनेही नोंदवलं आहे.

शंखशिंपल्यांच्या अभ्यासात इतकी वर्षं घालवूनही मला या परतण्याचं अप्रूप वाटतं. प्रत्येकाची जागा त्याच्यापुरतीच असते. शंखाची कड त्या जागेच्या उंचसखलपणाशी जुळत वाढते. खडक मऊ असेल तर शंखाने झिजून त्यावर लंबगोल खाच पडते. कड अशी तंतोतंत बसली की आतलं पाणी टिकतं आणि उन्हात जीव वाचतो. शेजारच्याच जागेवर ती तशी बसणार नाही.

खरवडायला जिभेसारखी पट्टी असते, तिच्यावर बारीक दातांच्या रांगा. दातांत गोथाइट या लोहखनिजाचे अतिसूक्ष्म तंतू असतात. पोर्ट्‌समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं, की ताण सोसण्यात हे दात कोळी या किड्याच्या धाग्यालाही मागे टाकतात. पुढचे दात झिजतात, मागून नव्या रांगा सरकत येतात.

आता ओढण्याबद्दल. चाहूल लागली की लिम्पेट स्नायू आवळून शंख खडकावर दाबून धरतं, म्हणून तुमचा जोर चालला नाही. सुरीने उचकटलं तर मांसल पाय फाटतो आणि ते बहुधा मरतं. कृपा करून तसं करू नका. मोठं दिसणारं तर मुळीच काढू नका. युरोपच्या किनाऱ्यांवरच्या नेहमीच्या जातीत बहुतेक पिल्लं आधी नर म्हणून वयात येतात, त्यांतली काही पुढे मादी होतात. थोराड लिम्पेट वेचली की माद्याच जास्त जातात, आणि पुढच्या पिढीची अंडी त्यांच्याबरोबर.