ब्रेकवरचं बोट

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

ओरेगनमधल्या ओकरिजला डोंगरात सायकल चालवायला जायचं म्हणतेस, आणि पहिल्याच दिवशी अल्पाइन ट्रेल, म्हणजे डोंगरावरून खाली येणारी ती लांब वाट, झेपेल का, असं विचारतेस. नाही झेपणार. पहिल्या दिवशी गावालगतची, ओढ्याकाठची सॅमन क्रीकची वाट कर. दुपारपर्यंत हात दुखायला लागले की समजशील मी असं का म्हटलं ते.

हिल्सबरोसारख्या शहराच्या रस्त्यावर ब्रेक लागतो तो थांबायला. जंगलातल्या उतारावर तो लागतो वेग राखायला. लिव्हरवर दोन्हीकडे एकेकच बोट, बाकीच्या बोटांनी मूठ धरायची. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात शिरलीस की ब्रेक हळूहळू सोड. बूड सीटवरून उचललेलं, कोपरं बाहेर, आणि नजर वळण संपतं तिथे. पुढच्या चाकाकडे बघशील तर त्याच दगडावर जाशील.

पहिल्या वर्षी मला एक खोड होती. घाबरलो की मागचा ब्रेक करकचून दाबायचो. चाक जाम व्हायचं, सायकल फरफटत वळायची आणि मला वाटायचं, काय भारी वळलो! एकदा असाच नेच्याच्या झुडपात जाऊन पडलो. कोपर सोलवटलं, ते आठवड्यात भरलं. पण उठून मागे बघितलं तर मातीत माझ्या चाकाची हातभर चरी पडलेली. तिकडे पावसाळा हिवाळ्यात. पाणी अशाच चऱ्या धरून धावतं, वाट खोल खोल कापत जातं, आणि ती बुजवायला कुणाला तरी फावडं घेऊन डोंगर चढावा लागतो.

तिथली वाटा राखणारी स्वयंसेवकांची संस्था आहे, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो 'गोट्स'. शेळ्या! त्यांना चढावर बघितलंस तर नाव पटेल.

आता गावाबद्दल. ओकरिज लाकडावर जगलं. भोवतीच्या विलामेट राष्ट्रीय वनातले ओंडके, गावातली गिरणी, गिरणीचा पगार. १९८०-९०च्या सुमारास तिथल्या आणि शेजारच्या वेस्टफरच्या गिरण्या बंद पडल्या. १९९०मध्ये जुन्या जंगलात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं, सरकारी जंगलातली तोड घटली, आणि सगळा राग त्या पाखरावर निघाला. माझ्या मते एकट्या घुबडाला दोष देणं अन्यायाचं आहे. यंत्रांनी माणसं आधीपासूनच कमी केली होती. पण हे मी तुला सांगतोय, तू तिथे कॉफी पिताना कुणाला सांगू नकोस. तुझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. बाहेरचं कुणी त्यांना संपाबद्दल शहाणपण शिकवू लागलं की ते कसे पानाचा डबा ओढून गप्प बसायचे, आठवतं ना? कुणी आपणहून विषय काढला तर ऐक.

अल्पाइन पुढच्या खेपेला करू. व्हॅन सायकली घेऊन वर सोडते, उतरताना मध्ये थोडे चढही लागतात. खाली आलो की वेस्टफरचा लाल, छप्पर असलेला लाकडी पूल. १९४४चा, १८० फूट लांब. ओंडक्यांचे ट्रक पेलायचे म्हणून एवढा दणकट बांधला. एका काठाला गिरणी, दुसऱ्या काठाला तिची कचेरी. म्हणून नाव ऑफिस ब्रिज. पायी जाणाऱ्यांसाठी आत बाजूला वेगळी वाट आहे. तिथे सायकलवरून उतर, हातात धरून चाल. लाकडाचा वास येतो का बघ; मला येतो, पण म्हातारपणी काहीही येतं.

हो, आणि सायकल भाड्याने घेण्याआधी एक दिवस वाटेच्या कामाला चल. पुलास्की म्हणून अवजार हातात देतील: एकाच दांड्याला एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे कुदळीसारखं पातं. जाड हातमोजे आण. माझ्या उजवीकडेच उभी राहा, मी डावरा आहे.

तुझा,
काका