मोबाईलवर केळीचे भाव मांडत बसते म्हणे

भाऊ, रावेरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगी एस.वाय.बीएला, इकॉनॉमिक्स घेतलंय, मार्क बरे आहेत, आता तिला पुण्याला एमपीएससीच्या क्लासला टाकायचंय आणि त्यासाठी बागेवर कर्ज काढायचीही तयारी आहे, सगळं समजलं. पण दोन पानांत "आम्ही ठरवलंय" पाचदा आलंय आणि तिला काय वाटतं ते एकदाही नाही. मला तिच्या मार्कांपेक्षा याचीच जास्त काळजी वाटली. भाऊबंदकीत कोणाचा पोरगा पीएसआय झाला म्हणून आपल्याही दारात लाल दिव्याची गाडी पाहिजे, असं काही आहे का? लाल दिवे तर 2017 लाच बंद झाले.

कर्ज काढू नका, स्पष्टच सांगतो. उद्या बागेत सीएमव्ही, म्हणजे केळीवरचा विषाणूरोग, शिरला तर हप्ता कशातून भरणार, आणि ती पास नाही झाली तर त्या कर्जाचं ओझं घरात रोज तिच्याच डोक्यावर येणार. एमपीएससीला कोणतीही डिग्री चालते, तिला द्यायचीच असेल तर घरी राहून देईल, बँकेच्या परीक्षांचंही तेच.

आता तुमची तक्रार, "अभ्यास सोडून मोबाईलवर केळीचे भाव मांडत बसते." नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीचा, जाहीर भाव किती, पिलबागेचा, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या केळीचा, किती, आणि व्यापाऱ्याने कटाईनंतर हातात खरे किती टेकवले, हे रोजच्या रोज ती दोन वर्षांपासून लिहून ठेवतेय. अहो, मग अभ्यास आणखी कशाला म्हणायचं?

"गणित जमणार नाही म्हणून इकॉनॉमिक्स घ्यायला लावलं," हे मात्र चुकलं. बीएपर्यंत पाठांतरावर निभतं, पण पुढे एमएस्सीला, म्हणजे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी, गणित आणि स्टॅटिस्टिक्सशिवाय पान हलत नाही. यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस म्हणून वेगळी परीक्षा असते, तिला तर नुसतं बीए चालतच नाही, इकॉनॉमिक्समधलं पोस्ट ग्रॅज्युएशन लागतं. म्हणून अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आत्ताच आणून द्या, क्लासच्या फीपुढे तो खर्च काहीच नाही. जी पोरगी भावातला फरक रोज काढते तिला गणित जमत नाही हे ठरवलं कोणी?

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि तुम्ही न वाचता टाका. सोबत तो भावांचा तक्ता जोडायला सांगा, मला बघायचाय.