दुटप्पी, दांभिक, असहिष्णू : कोणता आरोप कुठे?

प्रश्न असा आहे : ‘सभागृहात असभ्य भाषा वापरली म्हणून विरोधकांचं निलंबन मागणारा पक्ष स्वतःच्या सदस्याने तेच शब्द वापरले तेव्हा गप्प बसला. याला असहिष्णुता म्हणायचं, दांभिकता म्हणायचं की दुहेरी मापदंड?’

याला दुटप्पीपणा म्हणावं. बाकीचे तिन्ही शब्द जवळचे आहेत, पण प्रत्येकाचा आरोप वेगळा आणि त्यासाठी लागणारा पुरावाही वेगळा. चुकीचा शब्द घातला की समोरच्याला सुटायला वाट मिळते. या पक्षाला ‘दांभिक’ म्हटलंत, तर पक्षाचा नेता सरळ विचारेल, ‘मी कधी शिवी दिली?’ आणि त्याचं म्हणणं खोटं नसेल.

दांभिक हा शब्द दंभावरून आला. जे अंगी नाही ते आहे असं दाखवणं म्हणजे दंभ. म्हणून दांभिकपणा ठरवायला एकच माणूस पुरतो : तो सांगतो काय आणि स्वतः करतो काय, एवढं ताडून पाहायचं. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण इथली. वरच्या उदाहरणात निलंबन मागणारा सदस्य स्वतःच शिवीगाळ करत असेल, तर त्याला खुशाल दांभिक म्हणा.

दुटप्पीपणाला मात्र माणसं दोन लागतात, प्रसंग सारखा लागतो आणि निवाडा वेगळा लागतो. दु आणि टप्पा मिळून झालेला हा शब्द. दुटप्पी बोलणं म्हणजे वेळ पडेल तसा कोणताही अर्थ काढता येईल असं बोलणं, तसंच वागण्याचं. म्हणून हे विशेषण भूमिका, धोरण, न्याय, बोलणं यांना जितकं शोभतं तितकं एखाद्याच्या स्वभावाला शोभत नाही. भाववाचक नाम दुटप्पीपणा. ‘दुटप्पीता’ लिहू नये. ‘-ता’ हा संस्कृत प्रत्यय, तो देशी शब्दाला चिकटत नाही. दांभिकता आणि दांभिकपणा मात्र दोन्ही चालतात.

इथे एक अट फार महत्त्वाची आहे. आधी सर्वांसाठी म्हणून नियम सांगितलेला असावा लागतो. ‘मी माझ्या माणसांचीच बाजू घेणार’ असं उघड म्हणणारा पक्षपाती आहे, दुटप्पी नाही. तसंच काल एक भूमिका होती, ती सोडून आज दुसरी घेतली, तर ते घूमजाव. घूमजावात जुनी भूमिका टाकलेली असते. दुटप्पी माणूस दोन्ही हाताशी ठेवतो. दुतोंडीपणा आणखी वेगळा : त्यात एकाच गोष्टीबद्दल दोन श्रोत्यांना दोन गोष्टी सांगितलेल्या असतात.

‘दुहेरी मापदंड’ चूक नाही, वृत्तपत्रांत तो रुळला आहे, पण मला तो अर्थाला जरा ढिला वाटतो. मराठीत दुहेरी म्हणजे दोन्ही एकत्र, एकाच जागी : दुहेरी धागा, दुहेरी वाहतूक, दुहेरी नागरिकत्व. इथे दोन मापं एकाच माणसाला लागत नाहीत. आपल्याला एक आणि परक्याला दुसरं लागतं. ‘वेगवेगळे मापदंड’ किंवा साधं ‘एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा’ जास्त नेमकं.

आणि याहून नेमकं हवं असेल तर मराठीत ते पूर्वीपासून आहे : ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.’ या म्हणीतलं व्याकरण नीट पाहा. आपला ‘तो’, पुल्लिंगी, लाडाच्या नावासकट. दुसऱ्याचं ‘ते’, नपुंसकलिंगी, बिननावाचं. पोर तसंच, खोडी तीच, पण सर्वनाम बदललं की निवाडा झाला. सार्वजनिक जीवनातला दुटप्पीपणा बहुतेक वेळा असाच, शब्दांच्या निवडीत सापडतो. आपला माणूस ‘स्पष्टवक्ता’, त्यांचा ‘उद्धट’. आपला ‘भावनेच्या भरात बोलून गेला’, त्यांच्या माणसाने ‘गरळ ओकली’. आपलं ते आंदोलन, त्यांचा तो धुडगूस. आपल्यावर नुसते आरोप असतात, त्यांची मात्र कृत्यं असतात. म्हणून एखादं निवेदन तपासायचं असेल तर त्यातली दोन्ही बाजूंची नावं अदलाबदल करून वाचा. विशेषणं आणि क्रियापदं तशीच ठेवून वाक्य लिहिणाऱ्याला मान्य होत नसेल, तर दुटप्पीपणा नेमका कोणत्या शब्दात आहे ते तिथेच दिसतं.

आता असहिष्णुता. सह् धातूला ‘इष्णु’ प्रत्यय लागून सहिष्णू झाला; वर्धिष्णूमधला प्रत्यय तोच. पाणिनीच्या मते हा प्रत्यय शील, म्हणजे स्वभाव दाखवतो. एकदा चिडलेला माणूस त्यामुळे असहिष्णू ठरत नाही. कडक टीका, निषेध, मतभेद यांनाही हा शब्द लावू नये. दुसऱ्याचं बोलणंच बंद पाडायची वृत्ती असेल तिथेच तो खरा. अशा कृतीला मराठीत मुस्कटदाबी हा धडधडीत शब्द आहे. सोशिक आणि सहिष्णू यांतही गल्लत होते : सोशिक माणूस स्वतःच्या वाट्याला आलेले हाल सोसतो, सहिष्णू माणूस दुसऱ्याचं वेगळेपण.

सहिष्णुता हा आपल्याकडे गुण मानला जातो, म्हणून ‘भ्रष्टाचाराबाबत शून्य सहिष्णुता’ हे भाषांतर कानाला खटकतं. तिथे ‘खपवून घेणार नाही’ हवं, कारण खपवून घ्यायची ती चूक, गैरवर्तन, गुन्हा. पण हेच क्रियापद मतांना लावलं जातं तेव्हा कान टवकारावेत. ‘आमच्या विरोधातलं लिखाण खपवून घेणार नाही’ असं म्हणणाऱ्याने ते लिखाण गुन्हा असल्याचं वाक्य सुरू होण्याआधीच ठरवून टाकलेलं असतं. असहिष्णुता म्हणतात ती ही.

लेखनाबद्दल : सुटा शब्द असहिष्णू, शेवटचा ऊ दीर्घ, ‘-ता’ लागला की असहिष्णुता, णु ऱ्हस्व. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार गुरू पण गुरुत्व, तसंच हे. ‘असहिष्णूता’ आणि ‘असहीष्णुता’ दोन्ही चूक.

तेव्हा मूळ वाक्य असं लिहा : ‘असभ्य भाषेबद्दल विरोधकांचं निलंबन मागणाऱ्या पक्षाने स्वतःच्या सदस्याच्या त्याच शब्दांवर मौन पाळलं, ही भूमिका दुटप्पी आहे.’ दोन्ही प्रसंगांतले शब्द आणि तारखा शेजारीशेजारी द्या.